ढिगात गेलेल्या मालाला नाव नसतं



आजची नोंद कापसाची नाही, तुरीचीही नाही. आज कॉफी. आपल्या वावरात कॉफी होत नाही हे मलाही ठाऊक आहे. आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला थोडी आहे, तीही इंग्रजांच्या काळापासूनची. पण कॉफीवाल्या शेतकऱ्याची हकीकत कापूसवाल्या कास्तकारानं ऐकावी अशी आहे. म्हणून जरा लांबण लागली तरी पूर्ण वाचा.

शहरात हल्ली कॉफीची पाकिटं मिळतात, त्यावर 'सिंगल ओरिजिन' लिहिलेलं असतं. खाली मळ्याचं नाव, कोणता डोंगर, किती उंची, झाडाची जात कोणती, फळ कसं वाळवलं, एवढं सगळं छापलेलं. अर्थ साधा आहे. हा माल एका ठिकाणचा आहे, यात दुसऱ्याचं काही मिसळलेलं नाही. मळा एका घराचा असेल तर तो त्या घराचा माल. अशा पाकिटाचा भाव साध्या पावडरीच्या कितीतरी वर असतो. पुष्कळांना वाटतं की ही नुसती जाहिरातीची करामत. पण हे नाव पाकिटावर यायला फार काळ गेला, आणि आपल्या देशात तर मधली पन्नासेक वर्षं शेतकऱ्यानं असं नाव लावून विकायला कायद्यानंच जागा ठेवली नव्हती.

आधी पीक समजून घेऊ. कॉफीचं झुडूप सावलीत वाढतं. कर्नाटकात चिकमगळूर, कोडगू, हासन या भागात मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी असते, आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. मार्च-एप्रिलात एक पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो. तो पाऊस चुकला तर वर्ष गेलं. अरेबिका जातीची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्यानंतर. फळ बोराएवढं, पिकलं की लाल. आत दोन बिया. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून चांगला माल पाहिजे तर एकाच झाडावर तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात. आपल्या कापसाच्या वेचणीसारखंच.

तोडलेलं फळ तसंच उन्हात वाळवलं तर त्याला 'चेरी' म्हणतात. साल काढून, चिकट बी आंबवून, धुऊन, कवचासकट वाळवलं तर ते 'पार्चमेंट'. मग माल कारखान्यात जातो. तिथं कवच काढतात, चाळणीनं दाणा लहान-मोठा वेगळा करतात, डागी दाणा निवडतात. साधारण ६ किलो फळातून १ किलो दाणा निघतो. भाजताना पुन्हा वजन घटतं. म्हणजे १ किलो भाजलेल्या कॉफीमागं ७ किलोच्या वर फळ तोडलेलं असतं, तेही हातानं.

आता इतिहास.

कॉफी मूळची इथिओपियाची. तिथून ती समुद्र ओलांडून येमेनला गेली आणि येमेनच्या मोखा बंदरातून जगभर विकली जाऊ लागली. आपल्याकडं ती बाबा बुदन नावाच्या सूफी संतांनी आणली असं सांगतात. सतराव्या शतकात ते हजला गेले आणि येताना मोखाहून सात बिया घेऊन आले. त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आज बाबाबुदनगिरी म्हणतात.

जुन्या काळी कॉफीला नावं होती ती बंदरांची आणि बेटांची. मोखा हे बंदराचं नाव. जावा हे बेटाचं नाव. ब्राझीलच्या कॉफीला सांतोस म्हणत, तेही बंदरच. आपल्या किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजात गेलेली कॉफी महिनोन्महिने दमट हवा खाऊन फुगायची, पिवळी पडायची. युरोपातल्या लोकांना तीच चव आवडू लागली. पुढं जहाजं वेगवान झाली तेव्हा ती चव टिकवायला किनाऱ्यावर पावसाळी हवेत कॉफी मुद्दाम ठेवू लागले. तिला 'मान्सून मलबार' म्हणतात. नाव कशाचं, तर पावसाचं आणि किनाऱ्याचं. ज्याच्या मळ्यात पिकली त्याचं नाव कुठंच नाही. जिथं माल जहाजात चढला तिथलं नाव त्याला लागलं.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी म्हैसूर, कोडगू, वायनाड भागात मोठे मळे काढले. श्रीलंकेत तर डोंगरच्या डोंगर कॉफीचे झाले. १८६९ साली तिथं पानावर तांबेरा दिसला. आपल्या गव्हावर येतो त्याच जातकुळीतला रोग. वीसेक वर्षांत श्रीलंकेची कॉफी जवळजवळ संपली आणि तिथं चहा आला. आपल्याकडंही तांबेऱ्यानं आणि खोडकिड्यानं मळे उजाड केले. त्यातून तगलेली झाडं शोधायची धडपड सुरू झाली. 'केंट' नावाची जात म्हैसूर भागातल्या मळ्यातच निवडीनं सापडली. १९२५ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र उभं राहिलं. केंट आणि दुसऱ्या एका तग धरणाऱ्या जातीच्या संकरातून तिथं 'एस ७९५' ही जात तयार झाली. ती १९४० च्या दशकात शेतकऱ्यांना मिळाली आणि आजही पुष्कळ मळ्यांत उभी आहे. चांगली कॉफी इथं पिकत होती, त्यात शंका नव्हती. अडलं ते विक्रीपाशी.

१९३० च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले. १९३५ मध्ये सरकारनं कॉफीवर उपकर लावून समिती नेमली आणि देशातच कॉफी खपावी म्हणून प्रयत्न सुरू केले. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं ते त्यातूनच. मग दुसरं महायुद्ध आलं आणि युरोपचा बाजार बंद झाला. माल पडून. तेव्हा आधी वटहुकूम आणि मग १९४२ चा कॉफी कायदा आला. कॉफी बोर्ड बसलं आणि 'पूल' सुरू झाला. पूल म्हणजे आपल्या भाषेत सामायिक ढीग.

घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी सोडून बाकी सगळी शेतकऱ्यानं पुलात घालायची. कारखान्यात तिची प्रत ठरायची. दाण्याचा आकार किती, डागी दाणे किती, चेरी की पार्चमेंट, यावर प्रत. मग एका प्रतीचा सगळा माल एकत्र. बोर्ड तो लिलावानं विकणार, देशात आणि परदेशात, आणि आलेल्या पैशातून शेतकऱ्याला हप्त्यानं देणार. शेवटचा हप्ता कधी, तर माल विकून हिशेब पूर्ण होईल तेव्हा.

माझ्या वयाच्या विदर्भातल्या माणसाला हे वाचून दुसरंच काही आठवलं असेल. कापूस एकाधिकार खरेदी. १९७२ पासून जवळपास तीस वर्षं आपल्या राज्यात कापूस सरकारी योजनेतच विकायचा असा कायदा होता. संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरनं बोंड चाचपून लावलेली प्रत, हप्त्यानं येणारा चुकारा. भाव बाहेर जास्त असला की रातोरात मध्य प्रदेशाच्या आणि आंध्रच्या हद्दीकडं जाणारा कापूस. हे सगळं आपण पाहिलेलं आहे. म्हणून कॉफीवाल्याचं दुखणं आपल्याला समजावून सांगायला लागत नाही.

पण एका बाजूनं बोलू नये. पुलानं कॉफीवाल्याला वाचवलंही. युद्धात माल सडला असता तो उचलला गेला. दोन एकरवाल्याला व्यापाऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही. १९६२ पासून जगातल्या कॉफी देशांचा आपसातला करार होता, कोणी किती निर्यात करायची ते ठरलेलं होतं, त्यामुळं भावाला आधार होता. सोव्हिएत रशिया आपलं मोठं गिऱ्हाईक होतं. लहान शेतकऱ्याची घडी बसलेली होती.

मग नुकसान कोणतं? ज्यानं तीन फेऱ्या मारून फक्त लाल फळ तोडलं, आंबवताना रात्रीतून दोनदा उठून बी हातात चोळून पाहिलं, त्याचा माल आणि ज्यानं एकाच फेरीत हिरवं-लाल ओरबाडलं पण दाणा आकारानं बरा आला त्याचा माल, चाळणीतून एकाच खणात पडायचा. चाळणीला आकार कळतो, चव कळत नाही. मेहनतीचा पैसा वेगळा निघत नसेल तर माणूस दोन-तीन वर्षं मेहनत करतो, मग हात आखडतो. याहून मोठं नुकसान म्हणजे आपल्या कॉफीची चव कशी आहे हे खुद्द शेतकऱ्याला कधी कळतच नव्हतं. पिणाऱ्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती.

वेगळं ठेवलं की काय होतं, याचा जगातला सगळ्यात गाजलेला दाखला पनामाचा आहे. मध्य अमेरिकेतला लहानसा देश. तिथं बोकेते नावाच्या डोंगराळ गावाजवळ पीटरसन कुटुंबाचा 'ला एस्मेराल्दा' मळा आहे. १९६७ साली घरातल्या थोरल्यानं जमीन घेतली. पुढं मुलगा प्राइस पीटरसन कुटुंब घेऊन तिथं राहायला गेला. आधी मुख्य धंदा गाई-दुधाचा, कॉफी मागून वाढली. १९९० च्या दशकात त्यांनी डोंगरावरचा आणखी एक जुना मळा विकत घेतला. त्यात इतर झाडांमधे थोडी उंच, फांद्या विरळ असलेली, कमी फळ देणारी झाडं होती. जात 'गेशा'. तिचं बी १९३० च्या दशकात इथिओपियातून गोळा झालं, टांझानियातून कोस्टा रिकाच्या संशोधन केंद्रात पोचलं आणि १९६० च्या दशकात रोगाला तग धरते म्हणून पनामात आलं. उत्पन्न कमी म्हणून कोणाला तिचं कौतुक नव्हतं. सगळा माल एकत्रच जायचा.

मळ्यावर पानांचा रोग आला तेव्हा हीच झाडं बरी टिकली, म्हणून ती थोडी उंचावर लावली. मग त्या घरातल्या मुलानं, डॅनियलनं, एक काम केलं. मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची कॉफी वेगळी काढली, वेगळी भाजली, वेगळी चाखली. तेव्हा कळलं की कधीमधी मालात जी फुलासारखी, लिंबू-संत्र्यासारखी चव लागायची ती एकाच तुकड्यातून येते. २००४ मध्ये त्यांनी तो तुकडा वेगळा करून पनामाच्या स्पर्धेत ठेवला. पहिला आला. लिलावात एका पौंडाला, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमला, २१ डॉलर भाव मिळाला. न्यूयॉर्कच्या बाजारात साधी कॉफी तेव्हा पौंडाला एका डॉलरच्या आतबाहेर होती. २००७ साली त्याच मळ्याच्या कॉफीला पौंडाला १३० डॉलर मिळाले.

हा लिलावाचा भाव थोड्याशा मालाचा असतो, सगळ्या मळ्याचा नाही, हे लक्षात ठेवा. पण झाडं तीच, जमीन तीच, पाऊस तोच. माल ढिगात होता तोवर त्या झाडांची ओळख 'कमी पिकणारी झाडं' एवढीच होती.

आता परत आपल्या देशात येऊ. १९८९ मध्ये जगातला निर्यातीचा करार मोडला. भाव धाडकन खाली आले. १९९१ मध्ये सोव्हिएत रशिया फुटला आणि मोठं गिऱ्हाईक गेलं. पूल चालवणं अवघड झालं आणि शेतकऱ्यांकडूनही मोकळीक मागितली जात होती. १९९२ पासून पुढं टप्प्याटप्प्यानं मोकळीक मिळाली. आधी काही टक्के माल स्वतः विकायची, मग जास्त, लहान शेतकऱ्यांना आधी, आणि सप्टेंबर १९९६ मध्ये सगळ्यांना पूर्ण. कायदा आल्यापासून ५४ वर्षांनी कॉफीवाला आपला माल आपल्या मर्जीनं विकू लागला.

सुरुवातीला चांदी झाली. १९९४ मध्ये ब्राझीलला कडक थंडीनं झाडं जळाली होती, भाव तेजीत होते. लोकांना वाटलं सगळं सुटलं. पण व्हिएतनामनं लागवड इतकी वाढवली की काही वर्षांत तो जगात ब्राझीलच्या खालोखाल आला. २००१ मध्ये जगातला सरासरी भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. तोडणीची मजुरी निघेना. मोकळीक होती, पण माल अजून ढिगातच होता. फरक इतकाच, आधी ढीग बोर्डाचा होता, आता व्यापाऱ्याचा. भाव ठरवणारा न्यूयॉर्कला आणि लंडनला बसलेला.

त्यानंतरच्या काळात काही घरांनी दुसरी वाट धरली. पिढीजात मळे, बेताची जमीन. त्यांनी मळ्याचे तुकडे पाडले, उन्हाकडचा वेगळा, ओढ्याकाठचा वेगळा. जात वेगळी. जमिनीवर वाळवण्याऐवजी जाळीच्या मंचावर वाळवण सुरू केलं. प्रत्येक पोत्यावर तारीख, तुकडा, पद्धत लिहिली. माल चाखणाऱ्या माणसाकडं नमुने पाठवले आणि तो जे वाईट बोलला तेही ऐकून घेतलं. बाहेर परदेशात या कॉफीला गिऱ्हाईक आधी मिळालं. देशात गेल्या दहा-पंधरा वर्षांत लहान भाजणारे धंदे निघाले. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेला ब्लू टोकाय हा त्यातला माहितीतला. यांनी पाकिटावर मळ्याचं नाव छापायला सुरुवात केली. पुण्या-मुंबईत बसलेला माणूस आज मळ्याचं नाव घेऊन कॉफी मागतो. मोखापासून इथपर्यंत आलो ते असे.

आता कोणी म्हणेल, भाऊ, हे पन्नास एकरवाल्याचं झालं, आमचं दोन एकराचं काय. बरोबर आहे. देशातले बहुतेक कॉफीवालेही लहानच आहेत. त्याला उत्तर आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात आहे. तिथं आदिवासी कुटुंबांकडं एक-दोन एकर कॉफी असते. एकट्याच्या नावानं तेवढा माल विकणं जमण्यासारखं नाही. त्यांनी खोऱ्याचं नाव धरलं. फळ पिकलेलंच तोडायचं, ते एका ठिकाणी आणून एकाच पद्धतीनं धुवायचं आणि वाळवायचं, बाहेरचं मिसळायचं नाही. २०१७ मध्ये अराकूच्या कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. २०१९ मध्ये अराकू, कोडगू, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि वायनाड अशा पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडं नागपूरच्या संत्र्याला, जळगावच्या केळीला ते आहेच.

पण मानांकन कागदावर मिळून भागत नाही. नागपूरचं संत्रं म्हणून पेटीत दुसरीकडचं फळ गेलं की नाव आपणच बुडवलं. अराकूवाल्यांचं नाव टिकलंय ते शिस्तीनं.

यात खर्च आणि धोका किती, तेही मांडतो. वेगळं ठेवायचं म्हणजे वेगळं खळं, वेगळी पोती, जास्त फेऱ्या, जास्त मजुरी, आणि पैसे उशिरा. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून त्या कॉफीवाल्यांनीही सगळा मळा एकदम या वाटेला लावला नाही. बहुतेकांचा मोठा भाग अजून साध्या बाजारातच जातो, थोडा भाग नावानं विकतात. दुसरं, नाव लागलं की दोषही आपल्याच नावावर. ढिगात आपला ओला माल खपून जातो. पाकिटावर नाव असेल तर एक बुरसट पोतं पाच वर्षांची कमाई घालवतं.

मला या सगळ्या हकीकतीतून एवढं दिसतं. पूल होता तेव्हा ढीग सोडता येत नव्हता. पूल गेल्यावर ज्यांनी तरीही माल ढिगातच घातला त्यांच्या हातात न्यूयॉर्कचा भाव राहिला. ज्यांनी थोडा तरी वेगळा ठेवला त्यांना आपल्या मालात काय आहे ते आधी स्वतःला कळलं, आणि मग गिऱ्हाइकाला सांगता आलं. पीटरसनांच्या घरातही आधी चाखणं झालं, भाव मागून आला.

आपल्याला आता कायद्याची आडकाठी नाही. तूर, ज्वारी, हळद, तीळ, गूळ, काहीही घ्या. या हंगामात सगळा माल मार्केट यार्डात नेण्याआधी एका तुकड्याचं एक पोतं वेगळं काढा. जात कोणती, पेरणी कधी, कोणतं खत, कसं वाळवलं, हे पोत्यावर लिहा. मग ते घरच्या माणसाला नाही, दुसऱ्या गावच्या, तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसाला खाऊ घाला आणि शेजारच्या तुकड्याच्या मालासोबत ताडून बघा. फरक नाही लागला तर पोतं यार्डात घाला, तोटा काही नाही. लागला तर तो कशामुळं लागला ते शोधा. जमिनीमुळं, जातीमुळं की वाळवण्यामुळं.

ज्यांच्याकडं घरचं जुनं बियाणं आहे त्यांनी तर हे नक्की करावं. कमी पिकतं म्हणून टाकून देण्याआधी एकदा वेगळं शिजवून खाऊन बघा. तुमच्या भागात कोणत्या शिवाराचा कोणता माल लोक नाव घेऊन मागतात ते खाली लिहा. गावाचं नाव, पीक आणि लोक का मागतात ते. पुढच्या नोंदीत त्याचीच यादी करू.